पेनड्राइव्हवर काय न्यावं?

गेल्या अंकात मी किसुमूच्या एका शाळेतल्या गणिताच्या तासाविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. माझा भाचा केनियात, किसुमूजवळच्या साखर कारखान्यात केमिस्ट आहे. त्याच्याकडे राहायला गेले होते, पण शाळेतून निवृत्त झालं म्हणून शाळेची सवय सुटते थोडीच? शेजारच्या माध्यमिक शाळेत परवानगी काढून मागच्या बाकावर जाऊन बसायची. तिथे एका मास्तरांनी एकच लॅपटॉप आणि भिंतीला लावलेली पांढरी चादर एवढ्यावर त्रिकोणाचं क्षेत्रफळ शिकवलं. सॉफ्टवेअर होतं जिओजेब्रा, भूमितीच्या आकृत्या काढून हलवून दाखवणारं, फुकटचं. एवढंच लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांना या वेळी सगळी जागा देते. बारावीच्या निकालावरचे प्रश्न पुढच्या महिन्यात.

एक शिक्षिका, साखळी (गोवा): बाई, माझी धाकटी बहीण टांझानियात दार-ए-सलामला असते, तिथल्या माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वर्गात सत्तरच्या आसपास मुलं. देणगीत आलेले जुने संगणक आहेत, पण नेट असून नसल्यासारखं. मे महिन्यात मी तिच्याकडे जाणार आहे. ती म्हणते, "ताई, गणिताचं काहीतरी फुकट सॉफ्टवेअर तिकडूनच घेऊन ये, इथे डाउनलोड करायला डेटा परवडत नाही." काय नेऊ?

पेनड्राइव्ह एक नको, दोन न्या. देणगीतल्या जुन्या संगणकांत व्हायरस हमखास असतो. पहिल्या मशीनला लावलेला पेनड्राइव्ह दुसऱ्याला लावेपर्यंत त्यातल्या फाइली गायब होऊन नुसते शॉर्टकट उरतात. एक पेनड्राइव्ह वापरायचा, दुसरा कपाटात.

आता त्यावर काय. जिओजेब्रा घ्याच, पण वेबसाइटवर उघडणारं नव्हे. 'क्लासिक ५' नावाची जुनी आवृत्ती मिळते, ती घ्या. जुन्या मशीनवर ती नव्या आवृत्तीपेक्षा कमी कुरकुर करते आणि नेट लागत नाही. तिची 'पोर्टेबल' प्रतही असते. इन्स्टॉल न करता सरळ पेनड्राइव्हवरून चालते, त्यामुळे संगणकाचा पासवर्ड हेडमास्तरांकडे आणि हेडमास्तर रजेवर असले तरी तास बुडत नाही. बहिणीकडे अँड्रॉइड फोन असेलच. त्यावर जिओजेब्राचं अ‍ॅप इथूनच टाकून द्या, तेही नेटशिवाय चालतं.

दुसरं म्हणजे कोलिब्री. हे खास नेट नसलेल्या ठिकाणांसाठीच बनवलं आहे. आधी खान अकादमीचे धडे नेटशिवाय दाखवायला 'केए लाइट' नावाची सोय २०१२ मध्ये निघाली होती, तिच्याच कर्त्यांनी पुढे कोलिब्री केलं. एका संगणकावर धडे आणि सरावाची गणितं भरून ठेवायची, साधा वायफाय राउटर लावायचा, की खोलीतले बाकीचे संगणक आणि फोन त्या एकाच मशीनमधून सगळं वाचतात. राउटरला बाहेरचं नेट नसलं तरी बिघडत नाही. मात्र 'सगळंच घेऊन जाऊ' असा मोह धरू नका. व्हिडिओंसकट सगळं घेतलंत तर पेनड्राइव्ह पुरायचा नाही, बाहेरची हार्ड डिस्क लागेल. बहिणीला विचारा, या सत्रात काय शिकवायचं आहे, आणि तेवढेच विषय उतरवा. इथल्या घरच्या वायफायवर रात्री लावून ठेवलंत की सकाळी तयार.

तिसरं, दक्षिण आफ्रिकेतल्या सियावुला या संस्थेची गणिताची पुस्तकं, दहावी ते बारावीची. पीडीएफ फुकट मिळतात आणि छापून वाटायलाही मुभा आहे. तिथल्या सरकारनेच २०१२ मध्ये ती छापून शाळांना दिली होती. टांझानियाचा अभ्यासक्रम वेगळा आहे हे खरं, पण वर्गसमीकरण काय केपटाउनला आणि दार-ए-सलामला वेगळं नसतं. सरावाला गणितांचा साठा होईल.

बॅग भरणं सोपं आहे. सत्तर मुलांत हे वापरायचं कसं, हे बहिणीला जरूर सांगा, कारण पुष्कळ शाळांत घोडं तिथेच अडतं. नवं सॉफ्टवेअर आलं की सगळे मुलांना लॅबमध्ये नेतात. एका संगणकाला सात-आठ मुलं, माऊस एकाच्या हातात, बाकीची एकमेकांना कोपरं मारत उभी. किसुमूच्या त्या मास्तरांनी लॅबचं नाव काढलं नाही. लॅपटॉप वर्गात आणला. एकमेकींना समांतर दोन रेषा काढल्या. खालच्या रेषेवर पाया, वरच्या रेषेवर शिरोबिंदू, असा त्रिकोण. मग माऊसवरचा हात काढून मुलांकडे वळून म्हणाले, "हा वरचा बिंदू मी उजवीकडे पार टोकाला नेला तर क्षेत्रफळ वाढेल, कमी होईल की तेवढंच राहील? वहीत लिहा." पेन खाली ठेवल्याशिवाय बिंदू हलणार नाही, अशी ताकीद. बहुतेकांनी 'वाढेल' लिहिलं, त्रिकोण लांबलचक दिसतो ना! मग बिंदू सरकवला. चादरीवर त्रिकोण ताणत ताणत काडीसारखा झाला आणि बाजूला क्षेत्रफळाचा आकडा जागचा हलला नाही. वर्गात जो गलका झाला तो मी माझ्या आख्ख्या नोकरीत या प्रमेयावर ऐकला नव्हता. आमच्या फोंड्याच्या शाळेत मुलं हे प्रमेय नववीला घोकतात आणि दहावीला विसरतात.

म्हणजे आधी अंदाज वहीत, मग माऊस. हा क्रम चुकला की जिओजेब्रा नुसता सिनेमा होतो. आणि गलका झाल्यावर मास्तर थांबले नाहीत. "का?" विचारलं. पाया तोच, उंची तीच, हे एका मुलीने उठून सांगितलं, आणि मग सिद्धता फळ्यावर खडूनेच झाली.

भाषेचं म्हणाल तर टांझानियात प्राथमिक शाळा स्वाहिलीत आणि माध्यमिक इंग्रजीत चालते. आपल्याकडे मराठी-कोंकणीतून चौथी झालेलं पोर पाचवीत इंग्रजीच्या बाकावर बसतं, ते काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. हलतं चित्र समोर असलं की मूल आधी स्वाहिलीत भांडतं, मग इंग्रजीत लिहितं. बहिणीने त्या भांडणाला वेळ द्यावा.

शेवटची गोष्ट विजेची. लॅपटॉप बॅटरीवर तास काढतो, प्रोजेक्टर काढत नाही. वीज गेली तर काय दाखवणार होतो ते कागदावर काढून ठेवलेलं असावं.

एक ज्येष्ठ वाचक, आसगाव (बार्देश): माझे वडील नैरोबीत रेल्वेत कारकून होते. मी तिथेच लॉगॅरिथमची पुस्तिका वापरून गणित शिकलो. आमचं काही अडलं नाही. आफ्रिकेतल्या गरीब मुलांना आधी बाकं आणि खडू द्यायचे सोडून संगणक कशाला?

काका, तुमचं अडलं नाही हे खरं. पण तुमच्याबरोबर त्या शहरात जी मुलं शाळेपर्यंत पोहोचलीच नाहीत, त्यांचं काय झालं ते त्या पुस्तिकेत लिहिलेलं नसतं. बाकं आणि खडू आधी, हे मला शंभर टक्के मान्य. म्हणून तर वर फुकटच्या सॉफ्टवेअरचं बोलले. लायसन्सचे वाचलेले पैसे बाकांना लागतात. आणि संगणकावर मुलांनी गणित करावं ही कल्पना आफ्रिकेला बाहेरून शिकवायची गरज नाही. कासवाला आज्ञा देऊन भूमिती काढायची लोगो ही भाषा १९६७ मध्ये ज्यांनी सहकाऱ्यांबरोबर तयार केली ते सीमूर पेपर्ट जन्माने प्रिटोरियाचे.

एक शिक्षक, हायर सेकंडरी, मडगाव: माझ्याकडे कॉमर्स आणि सायन्स मिळून चार डिव्हिजन आहेत. गृहपाठाच्या वह्या तपासायच्या म्हटलं तर रविवार जातो, आणि निम्म्या वह्यांत एकाच हुशार मुलाचं उत्तर, चुकीसकट. आफ्रिकेत तर याहून मोठे वर्ग असतात. तिथे गणिताचे शिक्षक काय करतात?

बहुतेक ठिकाणी तेच करतात जे आपण करतो, म्हणजे तपासतच नाहीत. पण एक ठिकाण वेगळं निघालं. किसुमूहून बुसियाच्या रस्त्याला लागलं की वाटेत मसेनो लागतं. विषुववृत्त तिथूनच जातं. भाच्याने मला हौसेने एक पाय उत्तर गोलार्धात आणि एक दक्षिणेत ठेवून उभं केलं. त्या गावात विद्यापीठ आहे. पहिल्या वर्षाच्या गणिताला एकेका वर्गात शेकडो मुलं. पूर्वी गृहपाठ दिला तरी तो बघणार कोण, हा तुमचाच प्रश्न होता. त्यांनी स्टॅक नावाची, गणिताची उत्तरं आपोआप तपासणारी फुकट प्रणाली घेतली.

स्टॅक मूळचं इंग्लंडचं. क्रिस सँग्विन या गणिताच्या प्राध्यापकांनी बर्मिंगहॅमला असताना ते सुरू केलं. मूडल नावाची जी फुकट ऑनलाइन वर्गाची व्यवस्था असते, जी आपल्याही काही कॉलेजांत आहे, तिच्यात ते जोडता येतं. भाच्याच्या शेजारी राहणाऱ्या एका प्राध्यापिकेने मला ते मोबाईलवर दाखवलं. मी गंमत म्हणून चुकीची उत्तरं घालत बसले.

समजा प्रश्न असा आहे: (३क्ष + २) चा पाचवा घात, त्याचं विकलन करा. एका मुलाला ३ आणि २ येतात, शेजारच्याला ४ आणि ७, तिसऱ्याला आणखी काही. आकडे मशीन टाकतं, पण शिक्षकाने ठरवलेल्या मर्यादेत, म्हणजे उत्तर विचित्र निघत नाही. हुशार मुलाचं उत्तर उतरवून उपयोग नाही, कारण ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं असतं. त्याला पद्धत विचारावी लागते. पद्धत सांगताना ते दोघंही शिकतात, आणि ही कॉपी मला चालते.

हे वस्तुनिष्ठ परीक्षेसारखं अ-ब-क-ड नाही. मूल आपलं उत्तर टाइप करतं. एकाने कंस तसाच ठेवला, दुसऱ्याने कंस सोडवून लांबलचक बहुपदी लिहिली, तरी दोन्ही बरोबर धरायला हवं. ते काम आत बसलेली मॅक्सिमा नावाची आज्ञावली करते. तीही फुकटच. शिक्षकाच्या उत्तरातून मुलाचं उत्तर वजा करायचं, सोपं रूप द्यायचं, शून्य आलं की बरोबर.

आणि चूक असेल तर? इथे मला खरी मजा वाटली. शिक्षकाला आधीच माहीत असतं की मुलं कुठे घसरणार. वरच्या उदाहरणात बरीच मुलं ५ गुणिले कंसाचा चौथा घात एवढंच लिहितात, आतल्या ३ने गुणायचं विसरतात. शिक्षक ती चूक प्रश्नातच नोंदवून ठेवतो. तसं उत्तर आलं की मुलाला लगेच वाचायला मिळतं, 'कंसाच्या आतल्या भागाचं विकलन केलंस का?' नुसती फुली नाही. लाल पेनने आपण समासात जे लिहितो तेच, फक्त रात्री अकरा वाजता, मूल जागं असताना. इंटिग्रेशनमध्ये स्थिरांक विसरला तर त्याचा वेगळा शेरा. म्हणजे एक चांगला प्रश्न तयार करायला वेळ जातो, पण तो एकदाच. शिवाय एका विद्यापीठाने केलेले प्रश्न दुसरं विद्यापीठ घेऊन आपल्या मुलांसाठी बदलू शकतं. सँग्विन आता एडिंबरोला असतात. तिथल्यासारख्या जुन्या विद्यापीठांनी तयार केलेला प्रश्न केनियात हाताशी असतो.

आता अडचणी. मुलांना गुणाकाराची खूण टाइप करायची सवय नसते. ती '३क्ष' लिहितात, मशीनला '३*क्ष' हवं असतं. पहिले काही दिवस गणितापेक्षा चांदणीवरच भांडण. सिद्धता स्टॅक तपासत नाही, मधल्या पायऱ्याही सहसा बघत नाही. भूमितीच्या वह्या तुम्हालाच बघायच्या आहेत. आणि सर्व्हर लागतो, तो सांभाळणारा माणूस लागतो. हायर सेकंडरीच्या एकट्या शिक्षकाने ही डोकेदुखी घेऊ नये असं माझं मत. जवळच्या कॉलेजात मूडल चालत असेल तर तिथल्या गणित विभागाला जाऊन भेटा, एखादा कोर्स मागा.

तोवर सोपी युक्ती आहे. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे फुकटच्या एक्सेलमध्ये म्हणा, 'रँडबिटवीन' हे फंक्शन असतं. एका ओळीत एक हजेरी क्रमांक, पुढच्या रकान्यांत त्याचे आकडे, शेवटच्या रकान्यात सूत्राने उत्तर. आकडे पडले की ते नुसत्या किमती म्हणून दुसऱ्या पानावर चिकटवा, नाहीतर फाइल पुन्हा उघडली की बदलतील आणि उत्तरपत्रिकेचा पत्ता राहणार नाही. प्रश्नांची पट्टी कापून मुलांना द्या, उत्तरांचा रकाना तुमच्याकडे. चार डिव्हिजनच्या वह्या एका बैठकीत होतात. मात्र अंतिम उत्तर चुकलंय अशाच वह्या उघडून वाचा, आणि त्या नीट वाचा.

एक पालक, वास्को: जिओजेब्रा २०२१ मध्ये बायजूजने विकत घेतलं असं वाचलं होतं, आणि पुढे त्या कंपनीचं काय झालं तेही पेपरात आलं. उद्या कुणी पैसे मागितले तर आफ्रिकेतल्या शाळांनी काय करायचं? फुकटच्या वस्तूवर विसंबावं का?

प्रश्न रास्त आहे. जिओजेब्रा मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात, साल्झबुर्ग विद्यापीठात विद्यार्थी असताना सुरू केलं. शाळेत शिकवायला ते फुकट आहे, धंद्यासाठी वापरायचं तर परवानगी लागते. कंपनी विकली गेली, २०२४ मध्ये बायजूजच्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, हे सगळं खरं. पण साखळीच्या बाईंच्या पेनड्राइव्हवर जी प्रत आहे ती नेट मागत नाही, ती कुणी दुरून बंद करणार नाही. धोका आहे तो वेबसाइटवर खातं उघडून तिथेच सगळे धडे ठेवणाऱ्यांना. धड्याची फाइल नेहमी आपल्या मशीनवर उतरवून ठेवावी. हे मी कंपनी कुणाचीही असती तरी सांगितलं असतं.

त्याहून पक्की जात वेगळी आहे. मॅक्सिमाचंच बघा. तिचं मूळ अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६०च्या दशकाच्या शेवटी लिहिलेल्या आज्ञावलीत आहे. टेक्सासचे प्राध्यापक विल्यम शेल्टर १९८२ पासून एकट्याने तिची एक प्रत सांभाळत होते. १९९८ मध्ये त्यांनी अमेरिकन ऊर्जा खात्याकडून ती जीपीएल या लायसन्सखाली खुली करायची परवानगी मिळवली. २००१ मध्ये ते वारले. आज्ञावली मात्र चालूच आहे, दुसऱ्यांनी हातात घेतली. त्या लायसन्सची अट अशी की एकदा दिलेलं परत घेता येत नाही, आणि सुधारून पुढे दिलंत तर तेही खुलंच द्यावं लागतं. मसेनोच्या मुलांची उत्तरं तपासणारी ती हीच. म्हणून शाळेने सॉफ्टवेअर निवडताना किंमत शून्य आहे का एवढंच विचारू नये. नेट गेल्यावर चालतं का, आणि कंपनी गेल्यावर चालतं का, हेही विचारावं. कोविडच्या वर्षी गोव्यातल्या सत्तरी आणि सांगे तालुक्यांतली मुलं मोबाईलला रेंज मिळावी म्हणून डोंगरावर चढून बसत होती, तेव्हा नेटचा प्रश्न आपल्यालाही समजला आहे.

एक विद्यार्थिनी, बी.एस्सी. गणित, पणजी: आमचे सर म्हणतात की आफ्रिकेतली मोठी गणित संस्था पूर्णपणे फुकट सॉफ्टवेअरवर चालते. खरं का? आमच्या वर्गात सगळे मॅटलॅब या विकतच्या गणिती सॉफ्टवेअरची चोरटी प्रत वापरतात. मी काय शिकू?

सर बहुधा एम्सबद्दल बोलत असतील. एम्स म्हणजे आफ्रिकन इन्स्टिट्यूट फॉर मॅथेमॅटिकल सायन्सेस, ती २००३ मध्ये केपटाउनजवळ म्यूझेनबर्गला, समुद्रकाठच्या एका जुन्या हॉटेलात सुरू झाली. विश्वशास्त्रज्ञ नील टुरॉक यांची ती कल्पना. पुढे सेनेगल, घाना, कॅमेरून, टांझानिया आणि रवांडातही केंद्रं निघाली. आफ्रिकेच्या सगळ्या टोकांची मुलं तिथे एकत्र राहून शिकतात. 'पूर्णपणे' हा शब्द मी सरांवरच सोडते. पण लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि सेज यांवर तिथे शिकवणं बांधलेलं आहे हे खरं. सेज म्हणजे विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेलं, पायथनवर उभं असलेलं मोठं गणिती सॉफ्टवेअर. त्याच्या पोटात वरची मॅक्सिमाही आहे.

यामागे कंजूषपणा नाही. मालावीचा किंवा सुदानचा मुलगा वर्षभर महागड्या सॉफ्टवेअरवर शिकला आणि घरी परतला, तर त्याच्या विद्यापीठात ते लायसन्स नसतं. शिकलेलं सगळं केपटाउनलाच राहतं. सेज शिकला तर हार्ड डिस्कवर बरोबर नेतो आणि परतल्यावर स्वतःच्या मुलांच्या मशीनवरही घालून देतो. तुमचंही तेच होणार आहे, बी.एस्सी. झाल्यावर कॉलेजची लॅब तुमची राहणार नाही.

चोरट्या प्रतीबद्दल मी प्रवचन देत नाही. पण तिच्याबरोबर काय काय घरात शिरतं ते साखळीच्या बाईंना दिलेल्या उत्तरात वाचा. मॅटलॅबच लागत असेल तर ऑक्टेव्ह घ्या, मॅटलॅबमध्ये लिहिलेलं बरंचसं त्यात जसंच्या तसं चालतं. सायलॅब हाही पर्याय आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने त्यासाठी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांकडूनच लिहवून घेऊन ठेवली आहेत, ती फुकट बघायला मिळतात. आयआयटीच्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही धडे आहेत. आवाज ऐकायचा, खिडकी बाजूला उघडी ठेवून तेच करत जायचं. इंग्रजी पुस्तकापेक्षा पहिल्या आठवड्यात हे बरं पडेल.

तुम्ही गणिताच्या आहात म्हणून माझी निवड विचाराल तर सेज. पायथन त्याबरोबर आपोआप येतं, आणि उद्या नोकरीसाठी बंगळुरू गाठलंत तरी ते उपयोगाचं. विंडोजवर सेज बसवणं जरा त्रासाचं आहे. जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर लिनक्स घाला आणि तिथेच बसवा. चवथीच्या सुट्टीत घरी माटोळीची गडबड संपली की हे काम काढा. अडलात तर स्क्रीनवर आलेला संदेश जसाच्या तसा उतरवून पाठवा. 'चालत नाही' एवढंच लिहू नका, त्यावरून मला काहीच कळत नाही.